गोट्यांचा किनारा

समुद्रकिनारा म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे वाळूची पुळण उभी राहते. ओल्या वाळूवर उमटलेली पावले, खेकड्यांनी कोरलेली बिळे, मागे सुरूची झाडे आणि पुढे लाटांची पांढरी किनार, असे ते परिचित चित्र असते. परंतु जगातील सर्वच किनारे वाळूचे नसतात. इंग्लंडच्या दक्षिण भागात डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तेथील एका किनाऱ्यावर जिकडे दृष्टी टाकावी तिकडे गोटेच गोटे पसरलेले दिसतात. त्या किनाऱ्याचे नाव चेसिल. खडे किंवा गोटे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरूनच हे नाव पडले आहे.

चेसिलचा हा गोट्यांचा बांध सुमारे २९ किलोमीटर लांब आहे. पश्चिमेस वेस्ट बे या लहानशा बंदरापासून तो निघतो आणि पूर्वेस पोर्टलंड बेटाला जाऊन मिळतो. त्याच्या एका अंगाला खवळता समुद्र, तर दुसऱ्या अंगाला, बऱ्याच अंतरापर्यंत, फ्लीट नावाचे शांत, खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. या बांधाची एक मोठी नवलाची गोष्ट आहे. पश्चिमेच्या टोकाला गोटे अगदी वाटाण्याएवढे असतात. पूर्वेकडे जावे, तसतसे ते मोठे होत जातात. आधी बोराएवढे, मग सुपारीएवढे, मग लिंबाएवढे, आणि पोर्टलंडजवळ तर चांगले मुठीएवढे! एखाद्या वाण्याने धान्य चाळून लहानमोठे दाणे वेगवेगळ्या पोत्यांत भरावेत, त्याप्रमाणे हजारो वर्षे लाटांनी हे गोटे घासून गुळगुळीत केले आणि आकाराप्रमाणे निवडून ठेवले.

ऑगस्ट महिन्यातील एक संध्याकाळ. चेसिलवरील ॲबट्सबरी गावाजवळ एक वृद्ध मच्छीमार आपल्या बारा वर्षांच्या नातवाला घेऊन मासे धरावयास निघाले होते. सात वाजून गेले होते, तरी ऊन अजून पिवळे झाले नव्हते. त्या उत्तरेकडील देशात उन्हाळ्यात सूर्य फार उशिरा मावळतो. आजोबांच्या खांद्यावर दोन लांब काठ्या होत्या. प्रत्येक काठीला दोरा गुंडाळण्याचे रीळ बसविलेले होते. नातवाच्या एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात डोक्याला बांधावयाचे दिवे होते.

गोट्यांवरून चालणे हे सोपे काम नव्हे. एक पाऊल पुढे टाकावे, तो पायांखालचे गोटे सरकून अर्धे पाऊल मागे यावे. बांधाचा चढ चढताना मुलाला धाप लागली. माथ्यावर पोहोचताच मात्र तो थबकून उभा राहिला. मागे फ्लीटच्या संथ पाण्यावर हंस तरंगत होते. पुढे समुद्र दूरवर चकाकत होता. लाट फुटून मागे सरली, की हजारो गोटे एकमेकांवर घासून खर्रर असा प्रचंड आवाज करीत. जणू समुद्र घशातून गुळण्या करीत होता.

“डोळे मीट आणि हात पुढे कर,” आजोबा म्हणाले.

मुलाने डोळे मिटले. आजोबांनी वाकून चार गोटे उचलले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

“केवढे आहेत?”

“फार लहान नाहीत आणि फार मोठेही नाहीत. खेळायच्या गोट्यांसारखे लागतात.”

“हे माप नीट ध्यानात ठेव. पूर्वी रात्री धुके पडले, म्हणजे समुद्रावरून परतणाऱ्या माणसांना किनाऱ्यावरचे काहीच दिसत नसे. होडी जमिनीला लागली, की ते खाली उतरून मूठभर गोटे चाचपून पाहत. गोटे बारीक लागले, तर आपण पश्चिमेकडे आलो. मोठे लागले, तर पोर्टलंड जवळ आले. आपला किनारा त्यांना हाताने वाचता येत असे.”

मुलाने पुन्हा एकदा गोटे चाचपले. त्यांतील एक तांबूस, गुळगुळीत गोटा त्याला फार आवडला. तो त्याने हळूच खिशात टाकला.

दोघे उतारावरून थोडे खाली आले आणि पाण्यापासून बऱ्याच अंतरावर थांबले. भरती चढत होती. आजोबांनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक सकाळीच पाहून ठेवले होते. रात्री दहाच्या सुमारास भरती पूर्ण व्हावयाची होती. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, हे आपल्या कोकणातील मच्छीमारही जाणतात. समुद्र कोणताही असो, त्याचे घड्याळ चंद्राच्याच हाती असते.

“आता नियम ऐक,” आजोबा गंभीरपणे म्हणाले. “समुद्राकडे कधी पाठ करायची नाही. आणि मी सांगितल्याशिवाय या ओल्या गोट्यांच्या खाली पाऊल टाकायचे नाही.”

“पण आजोबा, पाणी तर इतके शांत आहे!”

“वरून शांत आहे. पण हा उतार पाण्याखालीही तसाच जातो. किनाऱ्यालगतच पाणी एकदम खोल आहे. लाट वर येताना दिसते, तिला माणूस भितो. पण ओढून नेते ती परत जाणारी लाट. ती पायांखालचे गोटेच काढून घेते. मग उभे कशावर राहायचे?”

या समुद्राचे रौद्र रूप त्या भागातील लोक पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. १८२४ च्या नोव्हेंबरात एका रात्री मोठे वादळ झाले. तेव्हा लाटा हा एवढा उंच बांध ओलांडून पलीकडे गेल्या. पोर्टलंडच्या पायथ्याची वस्ती पाण्याखाली गेली, माणसे बुडाली, आणि सरोवरापलीकडील फ्लीट गावाचे चर्च उद्ध्वस्त झाले. त्या चर्चचा एक लहानसा भाग तेवढा आजही उभा आहे.

आजोबांनी आता काठ्या सिद्ध केल्या. दोऱ्याच्या टोकाला वजन बांधले आणि त्याच्या वरच्या बाजूला थोड्या थोड्या अंतरावर गळ लावले. त्या गळांवर कसलेच आमिष नव्हते. प्रत्येकावर एक रंगीत पीस मात्र बांधलेले होते.

“पिसे खायला मासे कसे येतील?” मुलाने विचारले.

“पाण्यातून ती ओढली, की लहान मासळी पळते आहे असे दिसते. मॅकरेलला विचार करायला वेळ नसतो. तो झडप घालतो.”

मॅकरेल हा आपल्या बांगड्याच्याच कुळातील मासा. त्याची पाठ निळसर हिरवी असून तिच्यावर काळे नागमोडी पट्टे असतात. पोट चांदीसारखे शुभ्र असते. त्याला विसावा कसा तो ठाऊकच नाही. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या आधाराने ते पाण्यात स्थिर राहू शकतात. मॅकरेलला ती नसते. शिवाय कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवण्यासाठीही त्याला सतत पोहत राहावे लागते. उन्हाळ्यात या माशांच्या झुंडी बारीक मासळीचा पाठलाग करीत किनाऱ्याजवळ येतात.

पूर्वी ही मासळी पकडण्याची चेसिलची रीत निराळी होती. तेथे लेरेट नावाच्या होड्या असत. त्या दोन्ही टोकांना निमुळत्या असल्यामुळे लाटांतून किनाऱ्यावर घेणे सोपे जाई. वाईट नजर लागू नये म्हणून भोक पडलेला एखादा गोटा होडीला बांधण्याची चाल होती. किनाऱ्यावर उभा राहिलेला माणूस मासळीची झुंड हेरून इशारा देई. मग होडीतील माणसे जाळे सोडीत सोडीत अर्धवर्तुळाकार फेरी मारीत, आणि जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे मिळून ओढीत. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडील रापण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. दोन देशांमध्ये हजारो कोसांचे अंतर. भाषा निराळी, हवा निराळी. परंतु एकट्याने न ओढवणारे जाळे दहा जणांनी मिळून ओढावे, हा विचार दोन्ही किनाऱ्यांवरील माणसांना सुचला.

साडेआठ वाजत आले. सूर्य पश्चिमेकडील टेकड्यांमागे गेला आणि पाण्यावर तांबडा प्रकाश पसरला. बराच वेळ झाला, तरी गळाला काही लागले नव्हते. मुलगा कंटाळून गेला. तो काही बोलणार, इतक्यात आजोबांनी बोट दाखविले. दूर पाण्यावर कुरव पक्षी घिरट्या घालून कलकलाट करीत होते. ते वरून पाण्यात झेपावत आणि पुन्हा वर उठत. हळूहळू ती गर्दी किनाऱ्याकडे सरकू लागली. मग एकाएकी समोरच्या पाण्याला उकळी फुटावी तसे झाले. बारीक मासळी जीव घेऊन वर उसळत होती. चांदीचे तुकडे उधळावे तशी ती चमकत होती. तिच्याखाली मॅकरेलची झुंड आली होती.

“टाक!” आजोबा ओरडले.

मुलाने काठी मागे नेऊन जोराने पुढे फेकली. दोरा सरसर सुटला. त्याने रीळ फिरविण्यास आरंभ करताच काठीला हिसका बसला. पुन्हा एक, आणि पुन्हा एक. त्याने धडपडत दोरा गुंडाळला, तो तीन मासे एकदम बाहेर आले. ते हातात धरताच थरथरत होते. आजोबांनी एकेक मासा चटकन मारून थंड पाण्याच्या बादलीत टाकला. कारण धरलेल्या माशाला तडफडत ठेवणे हे चांगल्या मच्छीमाराचे लक्षण नव्हे.

पुन्हा गळ टाकला, पुन्हा तीन मासे आले. आजोबांच्या काठीलाही दोन लागले. मुलगा हर्षाने नाचू लागला. परंतु आजोबांनी पिसांचे गळ सोडून ठेवले.

“थांबायचे? आजोबा, अजून कितीतरी आहेत!”

“घरी आपण चार माणसे. आठ मासे झाले. मॅकरेल फार लवकर नासतो; उद्यापर्यंत त्याची चव राहत नाही. जे फेकून द्यावे लागेल, ते धरायचे कशाला?”

मुलाला हे फारसे रुचले नाही. पण तो गप्प बसला. थोड्याच वेळात झुंड निघून गेली आणि पाणी पूर्ववत शांत झाले.

आता चांगलाच अंधार पडला. पोर्टलंड बेटावरील दिवे एकेक करून लुकलुकू लागले. आजोबांनी एका मॅकरेलची पट्टी कापून ती मोठ्या गळाला लावली आणि गळ फार दूर न टाकता जवळच सोडला. रात्री बास नावाचा मासा अन्न शोधीत लाटांच्या अगदी जवळ येतो. रंगाने रुपेरी, अंगाने बळकट आणि पाठीवर काटेरी पर असलेला हा मासा आपल्याकडील जिताड्याची आठवण करून देतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मासे धरणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्या गळाला एकदा तरी बास लागावा असे वाटत असते.

बराच वेळ गेला. मुलाचे हात गारठले. एकाएकी काठी वाकली आणि दोरा ताठ झाला. हा हिसका मॅकरेलसारखा नव्हता. जणू कोणी माणूसच पलीकडून ओढीत होता.

“घाई करू नकोस,” आजोबा म्हणाले. “पाणी ओसरते तेव्हा ओढशील, तर दोरा तुटेल. तेव्हा नुसता धरून राहा. लाट वर येईल, तेव्हा तिच्याबरोबर त्याला वर घे.”

मुलगा लाटेच्या तालावर रीळ फिरवू लागला. कधी धरावे, कधी घ्यावे, हे त्याला समजू लागले. अखेर एका लाटेने तो रुपेरी मासा गोट्यांवर आणून सोडला. दिव्याच्या प्रकाशात तो चमकला मात्र, तोच मुलाने काठी टाकली आणि तो उतारावरून खाली धावला.

“मागे फिर!”

पुढची लाट आधीच्या लाटांहून मोठी होती. ती मुलाच्या गुडघ्यांवर आदळली आणि लगेच मागे सरली. त्याच्या पायांखालचे गोटे चाळणीतल्या दाण्यांसारखे वाहू लागले. तो मागे वळण्याचा प्रयत्न करी, पण पाऊल टेकावयास जागाच मिळेना. तेवढ्यात आजोबांचा दणकट हात त्याच्या कोटाच्या मागच्या बाजूस घट्ट बसला. त्यांनी त्याला एका हिसक्यात वर ओढले. दोरा दुसऱ्या हाताला गुंडाळलेला होता. त्याबरोबर मासाही वर आला.

दोघे काही वेळ धापा टाकीत बसले. आजोबा रागावले नाहीत. त्यांचा हात मात्र थरथरत होता. तो थरकाप पाहून मुलाला जेवढे समजले, तेवढे रागाच्या शब्दांनी समजले नसते.

“पुन्हा असे करणार नाही, आजोबा,” तो हळूच म्हणाला.

आजोबांनी मासा ओल्या फडक्यावर ठेवला आणि खिशातून मोजपट्टी काढून नातवाच्या हाती दिली. मुलाने मासा मोजला. चाळीस सेंटीमीटर. त्याने पट्टी सारखी करून पुन्हा मोजला. पुन्हा चाळीसच भरले.

“बेचाळीस हवेत,” आजोबा म्हणाले.

“दोन सेंटीमीटरांनी काय बिघडते? हा माझा पहिला बास आहे. आणि एवढ्या अंधारात कोण पाहणार आहे?”

“कोणीच नाही. म्हणून तर पट्टी आपल्या खिशात ठेवावी लागते.” क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, “हे माप उगीच ठरविलेले नाही. या माशाची मादी जवळजवळ एवढी मोठी झाल्यावाचून अंडी घालीत नाही. तेवढी वाढ होण्यास कित्येक वर्षे लागतात. पूर्वी छत्तीसचे माप होते. तेव्हा अंडी घालण्याआधीच पुष्कळ मासे पकडले जात. बास कमी होऊ लागला, म्हणून २०१५ साली बेचाळीसचे माप ठरले. आज हा नेलास, तर एक मासा मिळेल. सोडलास, तर त्याची पिले तुझ्या नातवाच्या गळाला लागतील.”

मुलाने माशाकडे पाहिले. त्याचे कल्ले हलत होते. अधिक विचार करावयास वेळ नव्हता. त्याने आपले हात पाण्याने ओले केले. कोरड्या हातांनी धरल्यास माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो, हे त्याला ठाऊक होते. आजोबांनी अलगद गळ काढला. मग त्यांनी नातवाचा पट्टा मागून घट्ट धरला आणि दोघांनी मिळून एक मोठी लाट जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली. तिसरी लहानशी लाट वर येताच मुलाने मासा पाण्यात धरला. क्षणभर तो निश्चल राहिला. नंतर शेपटीचा एक फटकारा बसला, मुलाच्या तोंडावर खारे पाणी उडाले, आणि मासा काळोखात नाहीसा झाला.

“केवढा जोर होता त्याला!” मुलगा ओल्या तोंडाने हसत म्हणाला.

भरती पूर्ण होण्यापूर्वीच दोघांनी सामान आवरले. बादलीत सात मासे उरले होते. आठव्याचे आमिष झाले होते. बांधाच्या माथ्यावर आल्यावर मुलाला खिशातील गोट्याची आठवण झाली. वाटेवरील फलकावर येथील गोटे नेऊ नयेत असे लिहिलेले त्याने येतानाच वाचले होते. हा बांधच समुद्र आणि गावे यांच्यामधली भिंत आहे. प्रत्येकाने एकेक गोटा नेला, तर भिंत कशी टिकणार? त्याने तो तांबूस गोटा बाहेर काढला, एकदा बोटांनी चाचपून त्याचे माप मनात साठविले, आणि वाकून तो इतर गोट्यांत ठेवून दिला.

खाली लाटा येत होत्या आणि जात होत्या. अंधारात गोट्यांचा खर्रर आवाज दूरपर्यंत ऐकू येत होता.

स्वाध्याय

१. चेसिलच्या किनाऱ्यावरील गोट्यांच्या आकारात कोणती विशेष गोष्ट आढळते? तिचा उपयोग मच्छीमारांना कसा होई?
२. समुद्राकडे पाठ करू नये, असे आजोबांनी का सांगितले?
३. लेरेट होड्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी आणि कोकणातील रापण यांत कोणते साम्य आहे?
४. मासे पुष्कळ असूनही आजोबांनी मॅकरेल धरणे का थांबविले?
५. “म्हणून तर पट्टी आपल्या खिशात ठेवावी लागते,” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
६. तुमच्या गावाजवळील नदी, तळे किंवा समुद्र येथे मासे कोणकोणत्या रीतींनी धरतात, याची वडील माणसांकडून माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.